अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री भवानीनगरच्या पुढे रस्त्याकडेच्या एका टायर-पंक्चरच्या दुकानात आम्ही सहाजण एका मोबाइलवर डोकी टेकवून बसलो होतो. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची अंतिम लढत. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. बाहेर उसाचे रिकामे ट्रॅक्टर उभे, कारण गाळप तोंडावर आलेलं आणि टायर तपासून घ्यायची घाई. पण दुकानाचा मालक कुणाला दाद द्यायला तयार नव्हता. "थांबा जरा, चढाई चाललीय," एवढंच तो म्हणायचा. शेवटी ३१-२८ असे तीन गुणांनी आपण हरलो. मालकानं मोबाइल उलटा घातला आणि पाना उचलला.

आता वाचक म्हणतील, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं या वयात बारामतीहून रात्रीचं तिथं जायचं कारण काय? घरी टीव्ही आहे की. आमच्या सौ.नीही हाच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

आधी खेळाबद्दल. मी पलटणीचा चाहता आहे, आणि चाहत्याला दरवर्षी नव्यानं प्रेमात पडावं लागतं ही या लीगची गंमतही आहे आणि तापही. २०२२ साली आपण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलो आणि जयपूरकडून हरलो, तेव्हा इराणचा फजल अत्राचली आपला कर्णधार होता. डाव्या कोपऱ्यात तो उभा राहिला की छाती फुगायची. २०२५ ला तोच फजल दिल्लीच्या बचावात होता. दिल्लीकडून चढाया करणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचा अजिंक्य पवार! टाळ्या वाजवायच्या तरी कुणासाठी? मोहम्मदरेझा शादलूचं तेच. दहाव्या हंगामासाठी पुण्यानं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून आपण पहिलं विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी डिसेंबरात बालेवाडीत, म्हणजे आपल्याच अंगणात, तो हरियाणाकडून खेळला आणि चषक घेऊन गेला. पुढच्या लिलावात २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे. आमच्याकडे बैलबाजारातसुद्धा बैल इतक्या वेळा दावण बदलत नाही.

ही बैलबाजाराची उपमा मी एकट्यानं काढलेली नाही. कबड्डीच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ती नेहमी असते, आणि त्यात नापसंती भरलेली असते. मला मात्र ती नापसंती पुरती पटत नाही. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य वेचून हा खेळ गावच्या मातीतून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेला. पण त्या काळच्या खेळाडूला मिळायचं काय? ढाल, फेटा, थोडी रोख रक्कम आणि नशीब बरं असेल तर रेल्वेत, एसटीत किंवा बँकेत नोकरी. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आज पलटणीचा कर्णधार होतो, दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो, हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात असतो. त्याला कुठल्या साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळावं लागत नाही, याचा मला आनंदच आहे.

केबिनबाहेर ताटकळणं म्हणजे काय, ते मला आतल्या बाजूनं ठाऊक आहे.

१९९४ साली मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. शाखेत एक पोरगा यायचा. यात्रेतल्या सामन्यांत त्याची चढाई बघायला लोक ट्रॉल्यांवर चढून बसत. फक्कीनं आखलेलं मैदान, पाणी मारून दाबलेली माती, हॅलोजनचा उजेड, आणि हा किडकिडीत पोरगा तिघांच्या मधून मासोळीसारखा निसटायचा. त्यानं विचारलं होतं, "साहेब, बँकेत खेळाडूंची भरती निघते म्हणे. निघाली तर सांगाल का?" मी हो म्हणालो. परिपत्रक आलं ते मार्चअखेरीच्या धामधुमीत. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. त्याच वर्षी एका यात्रेत त्याचा गुडघा गेला.

तो पोरगा म्हणजे भवानीनगरच्या पुढचा हा दुकानदार. मी त्याला ही गोष्ट निवृत्तीनंतर सांगितली. तो म्हणाला, "बरं झालं साहेब, मला गणित कुठं येत होतं." आणि चहा सांगितला. तेव्हापासून मोठा सामना असला की मी तिथं जातो.

म्हणूनच २०२५ च्या लिलावातली एक बातमी मी दोनदा वाचली. परदीप नरवालला कुणी घेतलं नाही. अठराशेहून अधिक गुण चढाईतून मिळवणारा, पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं देणारा, ज्याची डुबकी आपल्या गल्लीतली पोरं आरशासमोर करून बघायची तो परदीप! २०२१ मध्ये त्याची किंमत १ कोटी ६५ लाख होती, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ मध्ये शून्य. त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस. अठ्ठाविसाव्या वर्षी मी कॅश काउंटरवर नोटा मोजत होतो आणि पुढे तीस-बत्तीस वर्षांचा पगार नक्की होता.

परदीपची काळजी करायला मी कोण? तो समर्थ आहे. माझा प्रश्न खालच्या यादीचा आहे. लिलावात चार गट असतात, अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ड गटाची ९ लाख. बातम्या होतात त्या कोटींच्या. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. संघाची थैली पाच कोटींची, म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम एकाच खात्यात. आमच्या भाषेत याला जोखमीचं केंद्रीकरण म्हणतात. टायटन्स बावीस सामन्यांत दोन जिंकून तळाला राहिले. आणि हाच पवन आदल्या हंगामात तमिळ थलैवाजच्या पहिल्याच सामन्यात जखमी होऊन घरी बसला होता. गुडघा किंमत बघून मोडत नाही. ड गटातला पोरगा असा घरी बसला तर पुढच्या यादीत त्याचं नाव कोण शोधणार?

बँकेत दरमहा प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा तेव्हा आम्ही सगळे कुरकुरायचो. त्याच पैशांवर माझं बारामतीचं घर उभं आहे. कबड्डीलाही मला असंच काही हवं आहे. प्रत्येक कराराच्या रकमेतून शंभराला दहा रुपये कापावेत, तितकेच संघमालकानं घालावेत, आणि पस्तिशीपर्यंत किंवा खेळ कायमचा सुटेपर्यंत त्याला हात लावता येऊ नये. कोटीवाल्यांच्या हिश्शातला थोडा भाग ड गटाच्या दुखापतींसाठी वळवावा. पोरं कुरकुरतील. कुरकुरू देत.

हे सगळं मी त्या रात्री दुकानदाराला ऐकवलं. तो ट्रॅक्टरच्या चाकाखाली जॅक लावत होता. म्हणाला, "दहा कापून नव्वद हातात? साहेब, मला तेव्हा कुणी दहा दिले असते तरी मी शंभर चढाया केल्या असत्या." मग उजवा पाय लांब सोडून, कारण तो गुडघा अजून पुरता वाकत नाही, खाली बसला आणि मला टॉर्च धरायला सांगितली.