दुकानदारानं बायकोला घेऊन हिंजवडीला का जावं?

दुकानात नवरा-बायको दोघंही राबतात. पण गल्ल्यावर बसणाऱ्या बायकोला ना पगार, ना सुट्टी. माझं स्पष्ट मत आहे, वर्षातून दोनदा तरी दोघांनी बाहेर पडायलाच हवं. आणि दरवेळी लोणावळाच कशाला? हिंजवडी बघा.

राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे तिथली बरीच हॉटेलं कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालतात. हे पाहुणे येतात सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या, म्हणून भाडं बऱ्याचदा उतरतं. ऑफिसची गर्दीही नसते. मालाला गिऱ्हाईक नसेल तेव्हा भाव कसा लावायचा, हा धडा फुकटात!

संगमनेरहून पुणे-नाशिक हायवेनं साधारण १४० किलोमीटर. चाकणची कोंडी टाळायची तर पहाटेच निघा. खर्चासाठी रोज ५० रुपये वेगळ्या डब्यात टाका, सहा महिन्यांत ९,००० होतात.

"शनिवार-रविवारीच तर गिऱ्हाईक असतं," म्हणाल. बरोबर आहे. पण कामाच्या पोराला दोन दिवस दुकान सांभाळता येत नसेल, तर धंदा अजून उभा राहिलेला नाही, नुसते तुम्ही उभे आहात. त्याला आजपासून शिकवा. आणि तारीख तिला ठरवू द्या.