पिल्लाची आई कोठे आहे?

मराठीत 'पाळणे' या क्रियापदाचे दोन अर्थ एकत्र नांदतात. आपण कुत्रे पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. शेळी पाळतो आणि नियमही पाळतो. सांभाळ करणे आणि बांधील राहणे या दोन्ही गोष्टींना भाषेने एकच शब्द दिला, यात आम्हाला शहाणपण दिसते. दुर्दैव असे की, प्राण्यांची विक्रीसाठी पैदास होऊ लागली की पहिला अर्थ तेवढा उरतो आणि दुसरा गळून पडतो. याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांना परिचित असलेल्या कारवानी कुत्र्याकडे पाहिले तरी पुरे.

ढोकी हे मिरज-लातूर लोहमार्गावरचे, तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. हा सारा मुलूख कोरडवाहू, उघड्या माळरानांचा. लांब मुस्कटाचा, खोल छातीचा, सडपातळ कारवानी कुत्रा अशाच माळांवर घडला. कान-शेपटीवर लांब केस असणाऱ्यास पश्मी म्हणतात. तांड्यांबरोबर चालणारा, राखण करणारा आणि सशामागे धावणारा हा कुत्रा. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव तर या कुत्र्यासाठीच प्रसिद्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा ठरला. पण कुत्रा राहिला, आणि त्याची मागणीही राहिली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून देशी जातीची कुत्री पाळण्याचे आवाहन केले, त्यात कारवानीचा सख्खा भाऊ म्हणावा अशा मुधोळ हाउंडचाही उल्लेख होता. देशी जातींची प्रतिष्ठा वाढली, ही आनंदाची गोष्ट. मात्र प्रतिष्ठा वाढते तेव्हा बाजारही वाढतो, आणि आमच्या चिंतेचा विषय येथे सुरू होतो.

आपल्या परंपरेने कुत्र्याला कमी लेखले असे कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा आहे. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, आणि ते चार वेद आहेत अशी श्रद्धा आहे. ढोकीशेजारचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव. ज्या नामदेवांना गोरोबांनी कच्चे मडके ठरवले, त्याच नामदेवांविषयी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सांगितली जाते. महाभारतातील युधिष्ठिर तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो.

या सर्व कथांमध्ये एक समान धागा आहे. त्यांतील कुत्रा माणसाच्या समोर आहे. तो दाराशी येतो, वाटेत सोबत चालतो, भुकेला दिसतो. आणि म्हणून करुणा जागी होते. बाजारातील पिल्लाची गोष्ट निराळी आहे. पिल्लू आपल्या समोर असते, पण त्याची आई नसते. ती किती वर्षांची आहे, किती वेळा व्याली आहे, दोन वेतांमध्ये तिला किती विसावा मिळाला, वेत थांबल्यावर तिचे काय होणार, हे प्रश्न घेणाऱ्याच्या मनातही येत नाहीत. आपले साहित्यही या बाबतीत फारसे मदतीला येत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी' या लेखातील विनोदाचा रोख प्राणी पाळणाऱ्या माणसांवर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु पाळणाऱ्याच्या मागे जो पैदास करणारा उभा आहे, त्याच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले.

समोर नसलेल्या जिवाविषयी केवळ करुणेवर विसंबून चालत नाही. तेथे नियम लागतो. असा नियम आपल्याकडे आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वानपैदास व विक्रीविषयीचे नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि जन्म, मृत्यू व विक्री यांच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिच्यापासून पैदास करता येत नाही. आठ वर्षांनंतरही नाही. आयुष्यात पाचांहून अधिक वेत घेता येत नाहीत. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. या मर्यादा मनमानी नाहीत. फार लवकर आईपासून तोडलेले पिल्लू भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव असतो. मूठभर कुत्र्यांमध्येच रूपासाठी जवळच्या नात्यातले जोड लावले गेले तर दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. 'अस्सल' जात राखण्याच्या नादात जातच पोखरली जाते.

नियम कागदावर चांगला आहे. त्याचे दात मात्र बोथट आहेत. मूळ कायदा १९६० चा आहे. त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. आज पन्नास रुपयांत धड जेवणही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराज खटल्यात दंड वाढवण्याची गरज स्पष्टपणे मांडली होती, आणि २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदाही जाहीर झाला होता. मसुद्याने मादीला विसावा मिळत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही महत्त्वाचा मानतो. धनगराच्या वाड्यावर एकच मादी आहे, दोन वर्षांतून एकदा ती व्यायली, चार पिल्ले गावात गेली. त्याने का म्हणून नोंदणीसाठी खेटे घालावेत? दुष्काळी भागात पिल्लाचे पैसे म्हणजे घरातल्या मुलाची फी असते, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच नियम कडक असावा, तसाच तो सुलभही असावा. नोंदणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, एका फेरीत व्हावी. घरगुती पाळणाऱ्यासाठी साधी नोंद पुरे. अनेक माद्या ठेवून विक्री करणाऱ्यासाठी मात्र वार्षिक तपासणी असावी. विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा, आणि पिल्लू घेणाऱ्याला त्याची आई पाहण्याचा हक्क असावा. वेत थांबलेल्या मादीचा सांभाळ ही पैदास करणाऱ्याचीच जबाबदारी असल्याचे नियमात लिहिलेले असावे.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील कुत्र्या-मांजरांची पिल्ले मध्यस्थाला विकता येत नाहीत; घेणाऱ्याने थेट पैदास करणाऱ्याकडे किंवा आश्रयगृहाकडे जायचे असते. हा कायदा अनुकरणीय आहे, तशीच त्याची उणीवही बोधप्रद आहे. त्यात फेरेट नाही. फेरेट म्हणजे युरोपातील पोलकॅटपासून माणसाळवलेला, साधारण मुंगसासारखा दिसणारा प्राणी. अमेरिकेत मोठ्या पैदासकेंद्रांतून तो दुकानांत येतो, तोही अगदी कोवळ्या वयात नसबंदी करून आणि गंधग्रंथी काढून. पुढे होणाऱ्या ग्रंथींच्या आजाराशी या नसबंदीचा संबंध पशुवैद्यक जोडतात. आपल्या २०१८ च्या प्राणी-दुकान नियमांतही कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पक्षी यांची नावे आहेत, फेरेटचे नाही. नावांच्या यादीवर उभा केलेला कायदा बाजाराच्या नेहमी एक पाऊल मागे राहतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, नियमाने प्राण्याचे नाव न पाहता कृती पाहावी. विक्रीसाठी जीव जन्माला घातला, की कर्तव्य जन्माला आले. मग तो जीव कारवानी असो वा फेरेट.

साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही हे का सांगतो? कारण कथनातून कोणाला वगळले आहे हे ओळखण्याची सवय आपल्याला असते. कादंबरीत न बोलणाऱ्या पात्राविषयी आपण निबंध लिहितो. पिल्लाच्या विक्रीची कथाही तशीच वाचता येते: त्यात घेणारा आहे, देणारा आहे, किंमत आहे, वंशावळ आहे. ज्या मादीच्या देहावर ती वंशावळ लिहिली गेली, ती मात्र कोठेच नाही. तिला त्या कथेत जागा देणे हे कायद्याचे काम आहे, आणि तसा कायदा मागणे हे आपले.