वेशीबाहेरचा प्रवासी

वर्धा शहराला खेटून असलेल्या पिपरी मेघेस 2011 च्या जनगणनेने शहरांच्या यादीत बसविले. लोकसंख्या पाच हजारांवर, चौरस किलोमीटरमागे किमान चारशे माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या व्यवसायात, या कसोट्यांना उतरलेल्या गावास जनगणना खाते शहर म्हणते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. म्हणजे माणसांची नोकरी शहरातली, मुलांची महाविद्यालये शहरातली, आणि रस्ता, दिवा, पायवाट यांची तरतूद तेवढी गावाच्या ऐपतीची! सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे या शेजारगावांची कथा फारशी निराळी नाही. या विसंगतीचा भुर्दंड सर्वांत जास्त पडतो तो रोजच्या जाण्यायेण्यात.

याचे कारण वाहतूक व्यवस्थेच्या घडणीतच आहे. एस. टी. ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. गाव तालुक्याला आणि तालुका जिल्ह्याला जोडणे हे तिचे काम, आणि ते तिने उत्तम केले. परंतु चार-पाच किलोमीटरच्या, दिवसातून पन्नास वेळा लागणाऱ्या फेऱ्या हा तिचा मूळ धंदा नव्हे. शहर बससेवा ही सामान्यतः महानगरपालिकांची बाब. वर्ध्याला आहे नगर परिषद, आणि तिचीही हद्द पिपरीच्या अलीकडेच संपते. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी या वस्तीची अवस्था आहे.

मग उरते काय? जागा भरेपर्यंत थांबणारी ऑटोरिक्षा, नाहीतर स्वतःची दुचाकी. कारकुनाच्या घरात पहिली दुचाकी येते ती हौसेने नव्हे, कार्यालयाची वेळ गाठण्यासाठी. दुसरी येते ती मुलगी अकरावीत गेली म्हणून. वास्तविक या वयात तिला परवानाही मिळत नाही, पन्नास सी. सी. च्या आतील बिनगिअरच्या वाहनापुरती सोळाव्या वर्षी मुभा आहे, पण तसली वाहने आता बाजारात जवळपास दिसत नाहीत. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कायदा योग्यच आहे. पण शिकवणी सुटून अंधार पडल्यावर ती मुलगी घरी कशी यावी, याचे उत्तर त्या कलमात नाही.

रस्त्यांवरील सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे मोठ्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी होते. 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळून सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हाही तसेच झाले. परंतु सरकारी आकडेवारी काय सांगते? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील जवळजवळ 45 टक्के आणि पायी चालणारे 19 टक्क्यांच्या वर. यांतील बहुतेकांचे मरण एकेकट्याने येते आणि वर्तमानपत्रात चार ओळींवर आटोपते. रद्द झालेली प्रत्येक फेरी आणखी काही माणसांना या दोन रकान्यांत ढकलत असते. हेल्मेटची सक्ती अवश्य करावी. पण वाहतुकीचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न हे दोन वेगळे खातेप्रमुख पाहत असले, तरी ते दोन वेगळे प्रश्न नव्हेत.

एस. टी. चा तोटा सांगितला की पुढचे बोलणे थांबते. हा हिशेबच अपुरा आहे. महामंडळाचा तोटा ताळेबंदात दिसतो. कुटुंबाने फेडलेले दुचाकीचे हप्ते, पेट्रोल, मोडलेल्या हाडाचे औषधपाणी, बुडालेली मजुरी यांची बेरीज कोणत्याच ताळेबंदात येत नाही. म्हणून ती स्वस्त वाटते. त्यातून महामंडळाने वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर भरला. करोनाची टाळेबंदी आणि 2021-22 मधील साडेपाच महिन्यांचा संप यांनी उरलेसुरले कंबरडे मोडले. 2022 साली पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना मोफत आणि 2023 साली स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, ही चांगली गोष्ट. मात्र अर्धे तिकीट काढायला आधी गाडी यावी लागते.

महामंडळाला जमत नसेल तर बाजारावर सोपवा, असा सल्ला देणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे 1985 च्या कायद्याने 26 ऑक्टोबर 1986 पासून लंडन वगळता सर्वत्र बसधंदा खुला केला. स्पर्धेने भाडे उतरेल, फेऱ्या वाढतील, असे आश्वासन होते. कंपन्या गर्दीच्या मार्गांवर तुटून पडल्या आणि रात्रीच्या व आडवाटेच्या फेऱ्या गळाल्या. लंडनबाहेरचे प्रवासी घटत गेले. जेथे मार्ग, वेळ आणि भाडे सार्वजनिक संस्थाच ठरवीत होती, त्या लंडनमध्ये ते वाढले. अखेर सप्टेंबर 2023 पासून मँचेस्टरने टप्प्याटप्प्याने बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पुरे केले. चाळीस वर्षांपूर्वीची चूक त्यांनी निस्तरली. आपण तीच आता नव्याने करावी काय?

पिपरीस लंडनची व्यवस्था कोणी मागत नाही. सकाळी साडेसहापासून रात्री नऊपर्यंत, पिपरी मेघेहून वर्धा बसस्थानक व रेल्वे स्थानकावरून सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांपर्यंत ठरल्या वेळी धावणाऱ्या लहान गाड्या पुरेत. गाड्या एस. टी. च्याच असाव्यात. तूट किती येईल ते आधी ठरवून ती जिल्हा नियोजन समिती, नगर परिषद आणि लाभक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींनी वाटून घ्यावी, म्हणजे आगारप्रमुखाला फेरी रद्द करण्याचा मोह होणार नाही. थांब्यावर वेळापत्रक लावावे आणि रात्री दिवा असावा. आर्वी रस्त्यावर डांबराच्या कडेला चालण्यापुरती पक्की पट्टी सोडावी. 1936 च्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्ध्याहून सेगावला पायी गेले होते. त्याच जिल्ह्यात आज म्हाताऱ्या माणसास बाजारापर्यंत पायी जाण्याचे धाडस होऊ नये, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

या योजनेला नवा कायदा लागत नाही. लागतो तो एका टेबलाभोवती बसून केलेला करार. जिल्हाधिकारी, विभाग नियंत्रक, नगर परिषद आणि चार-पाच सरपंच यांची ती बैठक पुढचे शैक्षणिक सत्र सुरू होण्यापूर्वी झाली, तर जूनपासून पहिली गाडी सुटू शकेल.