कोंबडी चरेल, पण कोणाच्या जमिनीवर?

परसातील कुक्कुटपालनाची माहितीपत्रके आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यांत एक वाक्य बहुधा ठरलेले असते. कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, त्यामुळे खाद्याचा खर्च जवळजवळ येत नाही! वाक्य खोटे नाही. पण ते लिहिणाऱ्याने एक साधा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही. कोंबडी चरेल, पण कोणाच्या जमिनीवर?

ज्याच्या घरामागे पाच एकर आहेत, त्याची कोंबडी त्याच्याच रानात दाणे, किडे, कोवळे गवत टिपून सांजेला पोट भरून परत येते. आपल्या वस्तीतल्या भूमिहीन बाईची कोंबडी उंबऱ्याबाहेर पडली, की चार पावलांवर दुसऱ्याचे शेत सुरू होते. पेरणीच्या दिवसांत ती तिकडे गेली तर शिव्या आणि दगड. बियाण्याला चोळलेले औषध तिच्या पोटात गेले तर कोंबडी मेली. आणि कोंबडीवरून सुरू झालेले भांडण जातीवर यायला किती वेळ लागतो, हे गावात राहिलेल्या माणसाला आम्ही सांगायला नको. म्हणजे फुकटचे खाद्यसुद्धा ज्याला जमीन आहे त्यालाच फुकट!

मराठवाड्यातील एका वस्तीत आमच्या परिचयाच्या एका भगिनीला योजनेतून सुधारित जातीच्या कोंबड्या मिळाल्या. त्या शेतात जाऊ नयेत म्हणून तिने त्या कोंडून ठेवल्या आणि दुकानदाराने जे पोते दिले ते उधारीवर आणले. ते ब्रॉयलरचे खाद्य होते. ब्रॉयलर म्हणजे पाच-सहा आठवड्यांत कापायला जाणारी कोंबडी. तिचे खाद्य मांस वाढवण्यासाठी असते. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात तीन टक्क्यांहून अधिक कॅल्शियम लागते, ते ब्रॉयलरच्या खाद्यात जेमतेम एक टक्का असते. कोंबड्या लठ्ठ झाल्या, अंडी कमी झाली आणि जी आली ती पातळ कवचाची, हातात फुटणारी. उधारी फेडण्यासाठी वर्षाच्या आत कोंबड्या विकाव्या लागल्या. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "या लोकांना जमत नाही." आमचे स्पष्ट मत आहे, की जमले नाही ते योजनेला. पिल्ले दिली, पण त्यांच्या पोटाचा हिशेब दिला नाही.

तो हिशेब आपणच मांडू. कोंडून ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. किलोला ३० रुपये धरले तर १,२०० रुपये झाले. देशी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. पंधरा रुपयांना एक अंडे विकले, घरात एकही खाल्ले नाही, तरी हाती १,०५० रुपयेच येतात. ग्रामप्रियासारखी सुधारित जात याच्या दुपटीहून अधिक अंडी देते हे खरे, पण तिला योग्य खाद्य मिळाले तरच. तेव्हा सगळे खाद्य विकत घेऊन देशी कोंबडी पाळणे म्हणजे दुकानदाराची चाकरी करणे होय.

मग उपाय काय? १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन परवडते की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्याशी तिचे प्रमाण जुळते की नाही, यावरून ठरते, असा त्यातील विचार आहे. तोच विचार अंगणात उतरवला पाहिजे. कोंबड्या किती पाळायच्या हे योजनेच्या आकड्यावरून ठरवू नये. आपले अंगण आणि आपली चूल किती कोंबड्यांना पोसते, यावरून ठरवावे. बहुतेक घरांत हा आकडा दहाच्या आतबाहेरच येईल. घरात आहे ते आधी घालावे आणि जे घरात नाही तेवढेच विकत आणावे.

घरात काय असते? धान्य पाखडताना निघणारी कणी आणि चुरा, दळणाचा कोंडा, निवडलेल्या भाजीची पाने, आठवडी बाजार उठल्यावर पडून राहिलेली कोबीची पाने आणि मेथीचे देठ. कुंपणाला एक शेवगा लावला तर त्याच्या पाल्यात प्रथिनेही मिळतात आणि बलकाला रंगही चढतो. शेणाचा उकिरडा कोंबड्यांना उकरू द्यावा, त्यातले किडे म्हणजे अस्सल प्रथिने. एका मडक्यात ओला पेंढा आणि शेण भरून ते वाळवी असलेल्या जागी रात्रभर पालथे ठेवले, तर सकाळी वाळवी भरलेली मिळते. अझोला सावलीतल्या लहान खड्ड्यात प्लास्टिक अंथरून वाढवता येतो. मात्र ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो जोडखाद्य आहे, पूर्ण जेवण नव्हे, हे विकणाऱ्याने सांगितले नाही तरी आपण लक्षात ठेवावे.

विकत आणायचे ते थोडकेच. सहा किलो मका, ज्वारी किंवा बाजरीची भरड, त्यात चाळणीची कणीही चालेल, दोन किलो कोंडा, दोन किलो शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, ३० ग्रॅम मीठ आणि २०० ग्रॅम खनिज मिश्रण. हे मिसळून फिरत्या कोंबडीला सांजेला ४०-५० ग्रॅम, म्हणजे दहा कोंबड्यांना अर्धा किलो घालावे. थोडे सकाळी, थोडे सांजेला घातले तर कोंबडी घराची ओढ धरते आणि दुसऱ्याच्या शेताकडे कमी जाते. उन्हाळ्यात रान वाळते, किडे नाहीसे होतात, तेव्हा खाद्याचे माप वाढवावे. कोंबड्या पूर्ण कोंडलेल्याच असतील तर मात्र हे अर्धपोट ठरेल.

कॅल्शियम वेगळ्या भांड्यात ठेवावे : चुनखडीचा बारीक खडा किंवा कोकणात सहज मिळणारे शिंपले कुटून. अंडी घालणारी कोंबडी तिला लागेल तेवढे उचलते. ते पिलांच्या खाद्यात मात्र मिसळू नये, त्यांच्या मूत्रपिंडाला अपाय होतो. अंड्याची टरफले भाजून अगदी बारीक कुटावीत. अख्खी टाकली तर कोंबडीला स्वतःची अंडी फोडायची खोड लागते. बुरशी आलेले धान्य किंवा पेंड स्वस्त मिळाली म्हणून घालू नये, ते विष आहे. सरकीची पेंडही अंड्यावरच्या कोंबडीला नको. स्वच्छ पाणी दिवसभर हवे, ते कमी पडले की अंडी थांबतात. आणि राणीखेतची लस चुकली तर हा सारा हिशेब एका आठवड्यात मातीमोल होतो.

वाचक म्हणतील, चळवळीच्या पत्रात हा कोंडा-कणीचा विषय कशाला? कारण अंड्याचा प्रश्न हा आपल्या लेकरांच्या हाडामांसाचा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी काढून घेतला. अंडे द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले! सरकार मुलाच्या ताटातले अंडे असे सहज उचलू शकते. अंगणातल्या कोंबडीचे अंडे त्याला उचलता येत नाही. शाळेतल्या अंड्यासाठीचा लढा सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. तो लढा चालूच राहिला पाहिजे. पण तो जिंकेपर्यंत पोरांनी उपाशी का राहावे?

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे : कोंबड्या वाटताना भूमिहीन कुटुंबाला खाद्याचे प्रशिक्षण, खनिज मिश्रण आणि लस द्या. 'मोकळे चरू द्या' हा सल्ला जमीन नसलेल्याला देऊ नका. दुसरी आपल्याच कार्यकर्त्यांकडे : समाजमंदिरात एका रविवारी बचत गटाच्या बाया बसवा, खाद्य समोर मिसळून दाखवा, पेंड आणि खनिज मिश्रण एकत्र आणून वाटून घ्या. एकटी बाई दुकानदाराकडे गेली तर उधारी घेऊन येते, दहा जणी मिळून गेल्या तर भाव करून येतात.

आणि आमच्या भगिनींना एकच विनंती आहे. पहिले अंडे बाजारात नेऊ नका. ते घरच्या लेकराच्या ताटात पडू द्या, दुसरे तुम्ही खा. तिसऱ्यापासून विक्रीचा हिशेब सुरू करा.