आईबापांची बोबडी

मूल बोलावयास शिकते, त्याच सुमारास त्याचे आईबाप बोलावयाचे विसरू लागतात. दिवसभर कचेरीत ‘उपरोक्त’ आणि ‘अनुषंगाने’ यांखेरीज पाऊल न टाकणारा गृहस्थ संध्याकाळी ‘भुर्र’, ‘मंमं’, ‘गाई’ एवढ्या तीन शब्दांवर संसार चालवितो, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना शेजारच्या साहेबांना ‘मंमं झालं का?’ असे विचारून बसतो.

स्मरणाची दशा याहून बिकट. लसींचे ६, १० आणि १४ आठवडे तोंडपाठ असतात, पण समोरच्या झाऱ्याचे नाव सुचत नाही. मग ‘त्या ह्यातलं ते हे दे’ असे वाक्य जन्मास येते. नवल असे की, ते दुसऱ्यास कळतेही! धाकट्याला हाक मारताना थोरल्याचे, पुतणीचे, प्रसंगी मोत्याचेही नाव तोंडी येते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली याचा शोध घेतला. घरच्यांची नावे मनाच्या एकाच कप्प्यात राहतात. त्यात कुत्र्याला जागा मिळते, मांजराला सहसा नाही. तेव्हा धाकट्याने रुसू नये.

जुने शब्द जातात याचे आम्हांस दुःख नाही. त्यांच्या जागी कोणते येतात, हा प्रश्न आहे. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलीची तुलना केली, तीत मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठी बालबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. पंडितांनी ज्यांना असा मान दिला, त्याच शब्दांना आज सुशिक्षित घरांतून निरोप मिळत आहे. भूभूचा डॉगी झाला, माऊची कॅट झाली. आजी ‘काऊ’ म्हणते तेव्हा नातू खिडकीतल्या कावळ्याकडे पाहतो. आई ‘काऊ’ म्हणते तेव्हा पुस्तकातल्या गाईकडे. मुलाचे यात काही बिघडत नाही, ते दोन्ही शिकते. अडते आजीचे. चिऊ-काऊच्या गोष्टीतले शेणाचे घर अर्थातच गाईचे, असे नातू ठामपणे सांगतो, आणि त्याचा तर्क खोडणे कठीण! आजी मग गोष्टच आवरती घेते. आईबापांनी इंग्रजी खुशाल शिकवावे. निदान ‘काऊ’ तेवढा काही वर्षे आजीकडे राहू द्यावा.