खड्डा कोणी उपसावा?

पाबळ हे शिरूर तालुक्यातील अवर्षणग्रस्त गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने काम करीत शिकण्याची वाट ग्रामीण मुलांना दाखविली. अशा गावापुढे आम्ही एक प्रश्न ठेवू इच्छितो. घरोघरी शौचकूप झाले. त्यात साचणाऱ्या मैल्याचे पुढे काय? हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मैल्याची पाटी दिली गेली, त्यांच्या माणुसकीच्या हक्काचा तो प्रश्न आहे.

सेप्टिक टाकी बांधली की आपले कर्तव्य संपले, असा सुखवस्तू घरांचा समज दिसतो. तो खोटा आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. त्यास शोषखड्डा लागतो. पण पुष्कळ ठिकाणी ते सरळ गटारात सोडले जाते. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. हवेवाचून कुजणाऱ्या त्या गाळातून हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू निघतात. आत उतरलेला माणूस पाहता पाहता बेशुद्ध पडतो आणि त्यास काढावयास उतरलेलाही प्राणास मुकतो. तो माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे वाचकांस सांगावयास नको.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ साली एक झाला, २०१३ साली दुसरा झाला. १९९३ पासून अशा कामात मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. परंतु भरपाई हा मरणानंतरचा न्याय होय. आम्हांस मरणाआधीचा न्याय हवा आहे.

तो देण्याचा मार्ग अवघड नाही. शौचकूपास दोन खड्डे असावेत आणि ते आळीपाळीने वापरावेत. भिंतीत ठेवलेल्या छिद्रांतून पाणी जमिनीत मुरते. साधारण कुटुंबाचा एक खड्डा सुमारे तीन वर्षांनी भरतो. तो बंद करून दुसरा सुरू करावा व पहिला किमान दीड-दोन वर्षे तसाच ठेवावा. तोवर मैल्याची माती झालेली असते. तिला दुर्गंधी नसते आणि ती शेतात घालता येते. पाण्याचा फारच तुटवडा असेल तेथे मूत्र वेगळे काढून मैल्यावर राख वा पालापाचोळा टाकण्याची कोरडी पद्धतही आहे. मात्र विहिरीजवळ, अथवा भूजल वर असेल तेथे खड्डे खोदू नयेत आणि अर्धवट कुजलेले खत कदापि उपसू नये. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास व खत यांची अशीच सांगड घातली. पुणे जिल्ह्यातच देहू येथे डॉ. मापुसकरांनी शौचकूप गोबरगॅसला जोडून दाखविले; २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तथापि एवढ्याने आमचे समाधान होत नाही. आपल्या भाषेने या खतास ‘सोनखत’ म्हटले. पण ते वाहणाऱ्यास समाजाने अस्पृश्य म्हटले. उद्या दोन खड्डे होतील आणि कुजलेली माती काढावयासही पुन्हा त्याच वस्तीत सांगावा जाईल, तर काय साधले? मैला गेला, जात राहिली, एवढेच! या कामास पवित्र सेवा म्हणून गौरविणे हाही उपाय नव्हे. काम थोर असेल तर ते सर्वांनी करावे. हलके असेल तर ते कोणाच्याही जन्मास चिकटवू नये. २०१७ साली तेलंगणातील गंगादेवीपल्लीत केंद्र सरकारच्या सचिवाने स्वतः असा खड्डा उपसला. ते बरे झाले. पण एका दिवसाच्या उदाहरणाने शतकांची रूढी मोडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जेथे जमीन अनुकूल असेल तेथे ग्रामपंचायतींनी दोन खड्ड्यांचाच आग्रह धरावा. असे खड्डे बांधण्याचे काम गावोगावच्या शाळांनी सर्व जातींच्या मुलांस शिकवावे. खड्डा ज्या घराचा, त्या घरच्यांनीच तो उपसावा. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी गावोगावी बहिष्कार सोसून मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले. तोच बाणा येथेही हवा. दुप्पट मजुरी देऊ केली तरी कोणीही दुसऱ्याच्या टाकीत उतरू नये. ज्याचा मैला त्याची जबाबदारी, हा न्याय ज्या गावात रुजेल, तेच गाव स्वच्छ म्हणविण्यास पात्र ठरेल.