गर्दीचा चेहरा

नेत्याची वाट पाहणाऱ्या जनसमुदायाचे वृत्तछायाचित्र समोर आले, की समीक्षक गुस्ताव्ह ल बाँचा १८९५ मधील समूहमनाचा सिद्धांत पुढे करतो आणि गर्दीला ‘चेहराहीन’ ठरवून मोकळा होतो. हा वाचनाचा आळस होय. ८ जून १९६८ रोजी रॉबर्ट केनेडी यांची शवपेटी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेणाऱ्या आगगाडीतून पॉल फुस्को याने टिपलेली छायाचित्रे पाहावीत. रुळांकडेला तासन्‌तास ताटकळलेली गोरी-काळी माणसे एकमेकांत विरघळत नाहीत. गाडीच्या वेगाने पार्श्वभूमी पुसट होते, माणूस मात्र उरतो. (दीर्घकाळ ही छायाचित्रे बहुतांशी अप्रकाशितच राहिली, हेही सूचक आहे.)

तथापि फुस्कोची दृष्टीही गाडीतली, म्हणजे नेत्याच्या बाजूची. चेहराहीनता हा गर्दीचा गुणधर्म की पाहणाऱ्याच्या आसनाचा, हा प्रश्न ‘सामान्य वाचक’ ही संज्ञा सैलपणे वापरणाऱ्या साहित्यसमीक्षेलाही टाळता येणार नाही. रेन येले टेरप्स्ट्रा या डच कलावंताने रुळांकडेच्या लोकांनीच त्या दिवशी काढलेली छायाचित्रे व घरगुती चित्रफिती जमवून २०१८ मध्ये मांडल्या. वाट पाहणाऱ्यांच्या हातीही कॅमेरे होते, आणि त्यांच्या चौकटीतून सरकत जाते ती गाडी.